पहिला वेचा वेगळा ठेवा!



आलुबुखाराच्या बागेत सगळी फळे एका दिवशी तोडत नाहीत. शेंड्याकडची, उन्हातली आधी पिकतात. आतल्या सावलीतली मागून. कच्चे तोडले तर गोडी येत नाही, फार पिकू दिले तर साठवणीत टिकत नाही. हा हिशेब कपाशीलाही लागू आहे. आपण मात्र सगळ्या वेच्यांचा घरात एकच ढीग करतो.

कपाशी खालून वर फुटते. खालच्या-मधल्या फांद्यांवरची, खोडाजवळची बोंडे जमिनीत ओल असताना भरतात. त्यांचा धागा पक्का, सरकी वजनदार. शेंड्याची बोंडे ओल संपल्यावर, बोंडअळीच्या तोंडी भरतात. धागा कच्चा राहतो, कवडी निघते. अगदी तळाची बोंडे परतीच्या पावसात सडतात. तिन्ही माल एकत्र झाले की भाव हलक्या मालाचा लागतो.

वेळेचेही तसेच. दवात वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो; पण ढिगात तापतो, पिवळा पडतो, सरकीची उगवण जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, तो ८ टक्के ओलाव्याला. पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांवर खरेदीच नाही. म्हणजे जेवढे पाणी वजनात आले तेवढे भावातून गेले. वर माल बिघडला तो वेगळाच!

दवात वेचू नका, हे सांगणे सोपे आहे. मजुरी किलोवर ठरते, ऊन चढेपर्यंत मजूर थांबत नाही, उधारीवाला दारात उभा असतो. हे एकट्याने सुटणारे नाही. म्हणून गावाने बसून ठरवावे: दव उडाल्यावर वेचणी, तीही खालून वर, म्हणजे वाळला पाला खालच्या बोंडांवर पडत नाही, कवडी वेगळ्या ओटीत, कोरड्या, स्वच्छ वेचणीला किलोमागे जादा मजुरी, शेवटच्या वेच्याचा ढीग निराळा.

एवढे आपण केले, की पुढचे बोलण्याचा हक्क आपला. ओलावा यंत्राने मोजा आणि आकडा आम्हाला दाखवा. खेडा खरेदीत नुसता हात घालून ठरवू नका. चांगल्या मालाला वेगळा भाव नसेल तर वेगळा ढीग कोण करील?

जिल्हा बैठकीला येताना पहिल्या आणि शेवटच्या वेच्याची एकेक मूठ घेऊन या. दोन्ही समोर ठेवू, मग भावाचे बोलू.