कागलला समुद्र नाही

कागलला समुद्र नाही. ही उणीव आजवर कुणाला जाणवली नव्हती. दूधगंगा आहे, जयसिंगराव तलाव आहे, गैबी पीर आहे, शाहू महाराज ज्या घरातून कोल्हापूरला दत्तक गेले ते घाटग्यांचं घराणं आहे, गावाला खेटून पुणे-बंगळूर रस्ता आहे. एवढं असल्यावर माणसाला आणखी काय लागतं? समुद्राची अगदीच हुक्की आली तर फोंडा घाट उतरावा, मालवणात सुरमई खावी आणि चपलेत थोडी वाळू घेऊन परत यावं.

आमच्या धाकट्या मेहुण्याला हा हिशेब मान्य नाही. त्यानं समुद्रच बैठकीच्या खोलीत आणून बसवला. चार फूट काचेची टाकी, त्यात अडीचशे लिटर पाणी आणि लिटरला पस्तीस ग्रॅमप्रमाणे पावणेनऊ किलो मीठ. आमच्या घरची कित्येक वर्षांची लोणची झाली असती एवढ्यात. शिवाय हे मीठ साधं नव्हे, परदेशी पिशवीतलं. वाण्याकडच्या मिठानं मासे मरतात म्हणे. आपण मात्र तेच खाऊन साठी ओलांडली.

तर टाकीत दोन नारिंगी-पांढरे मासे आणि मऊ प्रवाळांची काही बेटं होती. इथवर मी काही बोललो नाही. पण गेल्या महिन्यात मेहुणा म्हणाला, "दाजी, आता दगडी प्रवाळ आणणार. त्याशिवाय टाकीला शोभा नाही." तेव्हापासून मी विरोधी पक्षात आहे, आणि हा लेख म्हणजे माझा जाहीरनामा समजावा.

पहिली गोष्ट म्हणजे हा दगड नव्हे. तो दगड बांधणारा प्राणी आहे. मोहरीएवढ्या जिवांची वसाहत. प्रत्येकानं पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपल्यापुरती खोली बांधायची, वर पुढच्या पिढीनं मजला चढवायचा. पगडी नाही, परवानगी नाही. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून भाडं म्हणून मालकाला देतं. असा भाडेकरू मला एकदाही मिळाला नाही. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की मालकच भाडेकरूला बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि बऱ्याचदा उपाशी मरतो.

एवढा नाजूक जीव मेहुणा मऊ प्रवाळांच्या शेजारी ठेवणार! मऊ प्रवाळ दिसतात गरीब, पण शेजाऱ्याची वाढ खुंटावी म्हणून पाण्यात गुपचूप रसायनं सोडतात. दगडी प्रवाळ दिवसा सोज्वळ असतात आणि रात्री लांब दंशतंतू बाहेर काढून जवळच्याला भाजतात. नळावरची भांडणं आपण ऐकलेली आहेत. पण तिथं निदान आवाज होतो.

मग औषधपाणी सुरू होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण चारशेवीस मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. (आकडा निसर्गाचा आहे, माझा नव्हे.) ते टिकवायचं, क्षारता टिकवायची, तापमान पंचविसाच्या आसपास ठेवायचं. मेहुणा रोज बाटलीत थेंब टाकून रंग बघतो. त्याच्या स्वतःच्या रक्तातली साखर दोन वर्षांत कुणी बघितलेली नाही. बहीण सांगून थकली.

मी हे सगळं बोललो तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, "दाजी, समुद्रात तरी ती कुठं सुखात आहेत? लक्षद्वीपला १९९८ मध्ये पांढरी पडली, २०१६ मध्ये पडली, २०२४ मध्ये पुन्हा पडली. माझ्याकडं पाणी गार करायचं यंत्र आहे. समुद्राकडं आहे का?"

हा मुद्दा खरा होता, आणि मेहुण्याचा मुद्दा खरा निघणं यासारखं दुःख नाही. परदेशात लोक प्रवाळाच्या तुकड्यापासून तुकडा वाढवतात, मन्नारच्या आखातात तुतिकोरिनचे शास्त्रज्ञ तर मोडक्या तुकड्यांची समुद्रातच पुनर्लागवड करतात, हेही मी कबूल केलं. मग विचारलं, "तुझा इन्व्हर्टर किती तास चालतो?"

"चार."

"वळवाच्या पावसात लाईट किती वेळ गेलती?"

तो गप्प. नऊ तास गेली होती. त्या रात्री पंप बंद पडल्यावर पाण्यात हवा मिसळावी म्हणून आम्ही सगळे पाळीपाळीनं टाकीतलं पाणी तांब्यानं काढून उंचावरून परत ओतत होतो. सासूबाईंनी मधेच हात जोडले. त्यांना तो अभिषेक वाटला. पहाटे तीनला मेहुणा टाकीपाशी उकिडवा बसून माशांना "थांबा रे, येईल आता" म्हणत होता. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या! मासे वाचले. दगडी प्रवाळ असते तर वाचलेच असते असं तोही म्हणत नाही.

कायदा मी शेवटी काढला. २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं. "विकणारा बिल देतो का?" म्हटलं. बिल नव्हतं. माल पिशवीत घालून रात्रीच्या बसनं येणार होता. "बैठकीत वाघाचा बच्चा बांधशील का?" मी आवाज चढवला.

"आणि तुमच्या शोकेसमधलं काय आहे, दाजी?"

आमच्या शोकेसमध्ये १९८३ पासून नारळाएवढा एक पांढरा, जाळीदार गोटा आहे. लग्नानंतर सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलो, तेव्हा मालवणच्या धक्क्यावर एका पोराकडून पाच रुपयांना घेतला. पुढे १९८७ मध्ये तिथंच सागरी अभयारण्य झालं. म्हणजे माझी खरेदी उरकल्यावर. असा गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. मेहुणा पहिलीत जाऊन दहावी पास होईपर्यंत जेवढा वेळ लागला (अकरा वर्षं; गणितात एकदा अडकला होता), जवळजवळ तेवढ्या वर्षांचं ते बांधकाम मी पाच रुपयांत उचललं, त्याच्यावर सौ.नं क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालावर गणपती बसवला. कायद्याच्या आधीची वस्तू, असं मी पुटपुटलो. मेहुणा काही बोलला नाही. टाकीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवीची ऑर्डर रद्द केली. आगाऊ दिलेले पैसे बुडाले. संध्याकाळी तो आमच्याकडे आला, चहा घेतला आणि वनखात्याला द्यायचा माझा अर्ज स्वतःच लिहायला बसला. माझं अक्षर कुणाला लागत नाही म्हणे. 'विषय : घरातील प्रवाळ शासनजमा करणेबाबत.' खाली सहीची जागा मोकळी सोडून त्यानं पेन माझ्यापुढे सरकवलं. सौ. तोवर गणपती हातात धरून उभी होती आणि विचारत होती की, ह्याला आता बसवायचा कुठं?