बंदीनंतरचा बाजार

ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमधील आदिवासी वस्त्यांत १९८०च्या दशकात कावा पोहोचला, तो दारूला पर्याय म्हणून. मिरीच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळांचे हे पेय फिजीत पाहुण्यांना मानाने दिले जाते. अतिसेवनाचे दुष्परिणाम दिसू लागल्यावर १९९८च्या कायद्याने परवाना पद्धत आणली. त्यामुळे विक्रेता कोण आणि विक्री किती, हे शासनाला ठाऊक राहिले. २००७मध्ये केंद्र सरकारने व्यापारी आयातच बंद केली. मागणी मात्र टिकून राहिली. माल चोरवाटांनी येऊ लागला, भाव कैक पटींनी चढला आणि गरीब कुटुंबांचा पैसा तस्करांच्या हाती गेला. २०२१मध्ये व्यापारी आयात पुन्हा खुली झाली.

बिहारमध्ये एप्रिल २०१६पासून संपूर्ण दारूबंदी आहे. तिच्यामागील स्त्रियांची मागणी खरी होती. तिची टवाळी करणे अन्यायाचे ठरेल. परंतु डिसेंबर २०२२मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेक घरे उद्ध्वस्त केली. त्याच वर्षी, खटल्यांच्या ओझ्यामुळे, प्रथमच पकडलेल्या मद्यपीला दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली.

बंदी घालताना राज्यसंस्था वस्तूचा दर्जा, भाव आणि प्रमाण ठरवण्याचा आपला अधिकारही सोडून देते. तो तस्कराकडे जातो. म्हणून बंदीचे यश जप्त केलेल्या बाटल्यांवरून मोजू नये. चोरट्या मालाचा भाव, विषबाधेचे बळी आणि व्यसनमुक्ती केंद्रांतील उपचार यांचा हिशेब दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. मगच बंदी राखायची की परवाना द्यायचा, हे ठरवावे.