दूरध्वनीवरील तोतया करअधिकारी

सायंकाळच्या ऐन गर्दीत दूरध्वनी खणखणतो. पलीकडील गृहस्थ स्वतःस वस्तू व सेवा कर विभागाचे अधीक्षक म्हणवितात, दुकानाचे व मालकाचे नाव, इतकेच नव्हे तर पॅन क्रमांकही बिनचूक सांगतात आणि आजच थकबाकी न भरल्यास अटक होईल असे बजावतात. आमच्या एका ज्येष्ठ वैद्यमित्रांनी अशा वेळी मोठी रक्कम पाठविली. "त्यांना माझा पॅन ठाऊक होता हो!" एवढेच ते पुढे म्हणाले.

वस्तुतः पॅन ठाऊक असण्यात नवल ते काय? पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढील दहा अंकाक्षरे म्हणजे साक्षात पॅनच. हा क्रमांक आपण प्रत्येक बिलावर छापून दिवसभर वाटत असतो. जीएसटी पोर्टलवर तो घातला की नोंदणीकृत नावही समोर येते.

माझ्या मते फसगतीचे खरे मूळ आपल्याच मनातील धाकधुकीत आहे. तपासणीचे शुल्क करमुक्त, औषधविक्री करपात्र आणि दोन्हींचा गल्ला एकच! त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आपले हिशेब निर्दोष आहेत असे छातीठोकपणे सांगणारे आपल्यांत किती निघतील? तोतयास नेमके हेच हवे असते.

हा धंदा किती पद्धतशीर चालतो, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोड येथे दिसले. ठाणे पोलिसांनी तेथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले. अमेरिकी करअधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना अटकेची भीती घालायची, हे त्यांचे काम. बोलावयाची वाक्येही लिहून दिलेली असत!

विभागाकडून दूरध्वनी कधीच येत नाही, असे नव्हे. परंतु कराची मागणी लेखी येते. आयकराच्या नोटिशीवर डीआयएन असतो, जीएसटीच्या नोटिशीवर डीआयएन किंवा संदर्भ क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर पडताळता येतो. कर भरावयाचा तो पोर्टलवरील चलनाने, कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर नव्हे. फोन ठेवू नका, सीएला कळवू नका, असे सांगणारा अधिकारी नव्हेच. 'डिजिटल अटक' नावाची तरतूद कायद्यात नाही. ज्या रोगाचे निदान झाले नाही त्यावर आपण औषध देत नाही. मग न पाहिलेल्या नोटिशीपोटी पैसे का द्यावेत?

पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; जितका विलंब कमी, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक. आमच्या मित्रांनी संकोचाने चार दिवस घरातही सांगितले नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या औषधविक्रेत्यासही तसाच दूरध्वनी आला होता.