‘जाने दो’ची किंमत कोण मोजतं?

वस्तू बिघडली की आपल्या मोहल्ल्यात एक ठरलेला इलाज आहे : “जाने दो, नसीब में नहीं था.” मला या वाक्याचा राग येतो. सदोष माल विकला एकाने, पैसे बुडाले दुसऱ्याचे आणि दोष मात्र नशिबाचा!

माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मीने घरी कपडे शिवायला हप्त्यावर मशीन घेतली. दोन महिन्यांत मोटर जळाली. दुकानदाराने दोन गोष्टी सांगितल्या : वॉरंटी कार्डात मोटर येत नाही, आणि तुम्ही मशीनवर धंदा करता म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. त्या निमूट परतल्या. शिलाई थांबली, हप्ते थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट सरळ खोटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळत नाही. घरी शिवणारी बाई कायद्याने ग्राहकच आहे. पहिली गोष्टही टिकणारी नाही. मोटर मुळातच सदोष असेल, तर कार्डातल्या एका ओळीने विक्रेत्याची आणि कंपनीची जबाबदारी संपत नाही. ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत आणि नुकसानभरपाई यांचा आदेश देऊ शकतो.

त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे काम झालं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत अर्ज करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

“तारखांवर तारखा पडतात, सर,” असं लोक म्हणतात. पडतात. कायद्यात तीन महिन्यांची, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांची मुदत लिहिली आहे. ती पाळली जात नसेल तर सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण ज्याने अर्जच केला नाही, तो कोणत्या तोंडाने विचारणार?

आता थोडं आपल्याच व्यापाऱ्यांविषयी. शुक्रवारी पहिल्या सफमध्ये बसणारे काही जण गल्ल्यावर बसले की म्हणतात, “बिल चाहिए तो जीएसटी लगेगा.” बिल न देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तीच प्रथा. मग “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी कशाच्या जोरावर लावता? आणि कायदा बाजूला ठेवा. फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ आहेच. मालात लपलेला ऐब निघाला तर सौदा रद्द करण्याचा ग्राहकाला इख्तियार आहे. हा मसला मदरशात शिकवायचा आणि बाजारात विसरायचा का?

सब्र संकटात करायचा असतो. फसवणाऱ्यापुढे गप्प बसण्याला सब्र म्हणू नका. त्याने पुढचा ग्राहक फसतो. पुढच्या खरेदीला पक्कं बिल मागा, आणि दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी ते घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.