पालखी आणि भोई

फ्रान्सच्या रस्त्यांवर १९०३ साली सुरू झालेली ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलशर्यत तीन आठवडे चालते. तीत एकच संघ वर्षानुवर्षे जिंकू लागला, की रसिक कपाळाला आठ्या घालतात आणि सारे खापर संघवृत्तीवर फोडतात. एकाच्या विजयासाठी बाकीच्यांनी राबायचे, ही कसली शर्यत, असे विचारतात. हा आक्षेप मला साफ नामंजूर आहे.

वाचकहो, सपाटीवर सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. पुढच्याच्या पाठीशी चिकटून जाणाऱ्याला तो कमी लागतो. म्हणून सोबत्यांनी वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि नायकाला ताज्या दमाने घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडायचे. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएतोने पिरेनीज पर्वतात आपल्या सायकलीचे चाक काढून नायकाला दिले आणि स्वतः रडत बसला. शर्यत नायकाने जिंकली. पालखीला भोई हवेतच. त्यात कमीपणा कसला?

दुखणे निराळेच आहे. जो स्वतः पालखीत बसण्याच्या लायकीचा, त्यालाच पैसे मोजून भोई करायचे! श्रीमंत ‘स्काय’ संघाने २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत सात वेळा ही शर्यत जिंकली; शेवटची ‘इनिऑस’ या नव्या नावाने. २०१२ साली ख्रिस फ्रूम घाटात आपल्या नायकाच्या, ब्रॅडली विगिन्सच्या, पुढे निघाला, तर त्याला थांबावे लागले. तो दुसरा आला, आणि पुढच्याच वर्षी पहिला! २०१८ साली प्रत्येक संघातले स्वार नवांवरून आठांवर आणले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी जिंकला तोच संघ. भोयांची नुसती डोकी मोजून काय साधले?

२०२३ साली ‘युम्बो-विस्मा’ संघाने इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या तिन्ही महाशर्यती जिंकल्या. पहिल्या दोहोंत इतरांसाठी राबलेला सेप कुस स्पेनमध्ये आघाडीवर होता, तर आंग्लिरूच्या चढावर त्याच्याच संघातले दोघे त्याला टाकून पुढे गेले. आघाडी उरली आठ सेकंदांची! अखेर कुस पहिला, ते दोघे दुसरे-तिसरे. एकाच घरातल्या तिघांत मानपान वाटून घेतले, तर त्याला चढाओढ का म्हणावे?

हुतूतूचे गडी वाटताना आमच्या शाळेतली पोरेसुद्धा सगळे तगडे गडी एका बाजूला जाऊ देत नाहीत. मग सायकलशर्यतींच्या कारभाऱ्यांना एवढे कळू नये? एका संघाने स्वारांच्या पगारावर किती खर्चावे, याला त्यांनी मर्यादा घालावी. भोई राहू द्या. पण प्रत्येक गावाला आपली पालखी काढता आली पाहिजे.