‘मत वाया घालवू नका’: कॅनडातल्या डाव्या मतदारांचा हिशेब कुठे चुकला?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकुव्हर बेट आहे. तिथल्या ननायमो-लेडीस्मिथ मतदारसंघात २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या उमेदवार सुमारे ३५ टक्के मतं मिळवून खासदार झाल्या. लिबरल पक्षाला जवळपास २८ टक्के, तर न्यू डेमोक्रॅटिक पार्टी (एनडीपी) आणि ग्रीन पक्षाला प्रत्येकी १८ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली.

म्हणजे दर तीनपैकी जवळपास दोघांनी मध्यममार्गी किंवा डावीकडे झुकलेल्या पक्षांना मत दिलं आणि खासदार मात्र उजव्या पक्षाचा आला. गंमत अशी, की यातल्या अनेकांनी नेमकं हेच टाळण्यासाठी आपला आवडता पक्ष सोडला होता.

या प्रकाराला ‘स्ट्रॅटेजिक व्होटिंग’ म्हणतात. आवडत्या उमेदवाराऐवजी नावडत्याला हरवू शकेल अशा उमेदवाराला मत द्यायचं. निवडणुकीनंतर कॅनडातल्या डाव्या मतदारांमध्ये जी चिडचिड दिसली, तिच्या मुळाशी हा हिशेब आहे.

लाट फिरली कशी?

जानेवारी २०२५ मध्ये लिबरल पक्ष संपल्यातच जमा होता. जनमत चाचण्यांत कन्झर्व्हेटिव्ह पक्ष २० हून अधिक टक्के गुणांनी पुढे होता. ६ जानेवारीला जस्टिन ट्रुडो यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाला ‘५१ वं राज्य’ म्हणायला सुरुवात केली होती, आयातशुल्काची धमकीही दिली होती. मार्चमध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि काही आठवड्यांत चित्र पालटलं.

निवडणूक दोन नावांची झाली: कार्नी की पिएर पॉलिएव्ह? कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सुमारे ४१ टक्के मतं मिळाली, लिबरलना जवळपास ४४. एकट्या या दोन पक्षांनी मिळून ८५ टक्के मतं घेतली. इतकं दुहेरी ध्रुवीकरण कॅनडात १९५८ नंतर झालं नव्हतं.

यात एनडीपी भरडली गेली. २०२१ मध्ये या पक्षाला १७.८ टक्के मतं आणि २५ जागा होत्या. २०२५ मध्ये ६.३ टक्के आणि ७ जागा. पक्षाचे नेते जगमीत सिंग स्वतःच्या मतदारसंघात तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि त्याच रात्री त्यांनी पद सोडत असल्याचं सांगितलं.

देशाची हवा, मतदारसंघाचं गणित

स्ट्रॅटेजिक मतदानाला एक अट आहे. आपल्या मतदारसंघात नावडत्या उमेदवाराला कोण हरवू शकतो, हे मतदाराला नेमकं माहीत असायला हवं. अडचण इथेच येते.

कॅनडात ३४३ मतदारसंघ आहेत. प्रत्येकात स्वतंत्र चाचणी घेणं परवडत नाही. म्हणून अंदाज मांडणाऱ्या वेबसाइट्स साधारणपणे मागच्या निवडणुकीचे आकडे घेतात, त्यावर देश आणि प्रांत पातळीवरची ताजी लाट चढवतात आणि मतदारसंघाचा अंदाज काढतात. ‘इथे कोणाला मत द्यावं’ असा सल्लाही पुष्कळदा याच अंदाजांच्या आधारे दिला जातो. देशभर एनडीपी घसरली की कागदावर ती प्रत्येक मतदारसंघात घसरते. स्थानिक खासदाराचं काम किंवा वीस वर्षांची ओळख त्या आकड्यात फारशी उतरत नाही. मग मतदार तो आकडा पाहून लिबरलकडे वळतो आणि अंदाज खरा ठरायला मदत होते.

ननायमो-लेडीस्मिथमध्ये तर तिन्ही पक्षांकडे ‘आम्हीच हरवू शकतो’ म्हणायला कारण होतं. एनडीपीकडे विद्यमान खासदार होत्या. ग्रीन पक्षाचे उमेदवार आधी तिथूनच खासदार होते. लिबरलकडे देशव्यापी लाट होती. पण हाच लिबरल पक्ष २०२१ मध्ये तिथे चौथ्या क्रमांकावर होता! लाटेने त्याला चौथ्यावरून दुसऱ्यावर नेलं, पहिल्यावर नाही.

शेजारच्या कोविचन-मॅलाहाट-लँगफर्डमध्ये एनडीपीचे अॅलिस्टर मॅकग्रेगर २०१५ पासून खासदार होते. तिथे कन्झर्व्हेटिव्ह पहिला, मॅकग्रेगर दुसरे आणि लिबरल तिसरा आला. कन्झर्व्हेटिव्हला हरवायचं म्हणून तिथे ज्यांनी लिबरलला मत दिलं, त्यांचा नेम उलटा लागला. त्याच बेटावर कोर्टनी-अल्बर्नीत मात्र एनडीपीचे गॉर्ड जॉन्स टिकले.

मात्र सगळं खापर स्ट्रॅटेजिक मतदानावर फोडणं सोपं असलं तरी बरोबर नाही. ऑन्टारिओतल्या विंडसर वेस्टसारख्या मोटार कारखान्यांच्या भागात २००२ पासून असलेली जागा एनडीपीने कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला गमावली. महागाई आणि घरांच्या किमतींनी त्रासलेल्या कामगारांचा एक भाग थेट उजवीकडे गेला. त्यांनी कोणाला रोखण्यासाठी नाही, तर पटलं म्हणून मत दिलं.

महाराष्ट्राला हे ओळखीचं

भारत आणि कॅनडा या दोघांनीही ब्रिटनकडून एकच पद्धत घेतली: ज्याला सर्वाधिक मतं, तो विजयी, निम्मी मतं मिळायची गरज नाही. त्यामुळे वादही सारखेच. २०१९ मध्ये नांदेडमधून अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी हरले, तर वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतं पडली. लगेच ‘बी टीम’चा आरोप झाला. त्या आरोपात एक गृहीतक लपलेलं होतं, की वंचित नसती तर ती मतं काँग्रेसलाच गेली असती. मतदार घरी बसला असता किंवा तिसरीकडे गेला असता, ही शक्यता कोणी धरली नाही. एनडीपीच्या मतदाराबद्दल लिबरल पक्षही असंच धरून चालतो. विंडसर वेस्टने त्याला उत्तर दिलं आहे.

राग नेमका कशाचा?

बऱ्याच डाव्या मतदारांना हवं ते मिळालं, हे आधी मान्य करायला हवं. पॉलिएव्ह पंतप्रधान झाले नाहीत. ते स्वतःची जागाही हरले. लिबरल पक्षाला १६९ जागा मिळाल्या, बहुमताला तीन कमी.

राग आहे तो पुढच्या महिन्यांचा. ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या विमान कर्मचाऱ्यांनी संप केला. विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाचा मोबदला हा त्यातला मुख्य मुद्दा होता. संप सुरू होऊन एक दिवसही उलटला नव्हता, तोच सरकारने कामगार कायद्यातलं कलम १०७ वापरून त्यांना कामावर परतायला आणि लवादासमोर जायला भाग पाडण्याचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्यांनी आदेश धुडकावला आणि वाटाघाटीतून तोडगा काढला. त्याआधी जूनमध्ये ट्रम्प यांच्या दबावानंतर मोठ्या टेक कंपन्यांवरचा डिजिटल सेवा कर मागे घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये अल्बर्टाशी तेलवाहिनीच्या दिशेने जाणारा करार झाला आणि पर्यावरणवादी म्हणून ओळखले जाणारे स्टीव्हन गिल्बो मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

कार्नी यांनी फसवलं असं म्हणता येत नाही. ते केंद्रीय बँकेचे माजी गव्हर्नर आहेत आणि पंतप्रधान होताच, निवडणुकीआधीच, त्यांनी ग्राहकांवरचा कार्बन कर रद्द केला होता. ते डावे नाहीत हे लपलेलं नव्हतं. पण भीतीपोटी दिलेल्या मताबरोबर कुठली मागणी जोडता येत नाही. २०२२ मध्ये लिबरल अल्पमतात असताना एनडीपीने २५ जागांच्या जोरावर पाठिंब्याचा करार केला आणि सरकारी दंतोपचार योजना व औषध विम्याची सुरुवात पदरात पाडून घेतली. त्याच मतदारांनी त्या २५ च्या ७ केल्या.

जागा जाणं एवढ्यावर थांबत नाही. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यतेला १२ खासदार लागतात. ती मान्यता गेली, म्हणजे समित्यांतली जागा, प्रश्नोत्तराच्या तासातली हक्काची वेळ आणि संसदीय कामाचा निधी गेला. शिवाय उमेदवाराला मतदारसंघात किमान १० टक्के मतं मिळाली तरच निवडणूक खर्चाचा काही भाग सरकार परत देतं. म्हणजे या वेळचं ‘वाचवलेलं’ मत पुढच्या निवडणुकीतला पक्षाचा खिसाही रिकामा करून गेलं.

पद्धत का बदलत नाही?

६.३ टक्क्यांचाच आणखी एक हिशेब पाहा. फक्त क्वेबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक क्वेबेक्वा पक्षालाही देशभरात जवळपास तेवढीच मतं मिळाली, साधारण १२ लाख. त्यांच्या जागा २२ आल्या, एनडीपीच्या ७. मतं एका प्रांतात एकवटली की मोल वाढतं, देशभर विखुरली की घटतं.

ट्रुडो यांनी २०१५ मध्ये ही पद्धत बदलण्याचं आश्वासन दिलं होतं. २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. पद सोडताना त्यांनी याचीच खंत बोलून दाखवली: मतदाराला एकाच मतपत्रिकेवर दुसरी, तिसरी पसंती देता यायला हवी होती. तशी सोय असती तर ननायमोत कोणाला अंदाज बांधावा लागला नसता. पण दोष एकट्या ट्रुडोंचा नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१८ मध्ये प्रांतिक निवडणुकांच्या पद्धतीवर जनमत घेतलं, तेव्हा ६१ टक्के लोकांनी जुनीच पद्धत हवी म्हटलं. ननायमो याच प्रांतात येतं.

१७ नोव्हेंबर २०२५ ला कार्नी सरकारचा अर्थसंकल्प १७० विरुद्ध १६८ मतांनी मंजूर झाला. एनडीपीचा त्याला विरोध होता. पण लगेच पुन्हा निवडणूक होणं पक्षाला झेपणारं नव्हतं. पूर्णवेळ नेताही निवडून झाला नव्हता. सातपैकी पाच खासदारांनी विरोधात मत दिलं, दोघे तटस्थ राहिले. त्या दोघांपैकी एक होते कोर्टनी-अल्बर्नीचे गॉर्ड जॉन्स.