उपवासाचे ताट आणि रक्तातील साखर

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला मधुमेहाचा जाणकार म्हणावयास हरकत नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ व बटाट्याची भाजी, चार वाजता साबुदाणा वडा, रात्री रताळ्याचा कीस आणि साखर घातलेले दही. एवढे करून 'आज निर्जळीसारखेच आहे' असे सांगणारी मंडळी घरोघरी आढळतात. त्यांतील कित्येकांच्या उशाशी मधुमेहाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या असतात. आपल्या संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतच हे अधिक श्रद्धेने चालते, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

मुळात या ताटाला प्राचीन परंपरा म्हणावे काय? साबुदाणा हे कसावा नावाच्या कंदाचे पिष्ट. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो केरळात आला आणि तमिळनाडूतील सेलम परिसरात साबुदाण्याचे कारखाने विसाव्या शतकात उभे राहिले. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची हीही सारी अमेरिका खंडांतून आलेली. म्हणजे स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरातील सर्वांत 'सोवळे' ताट जवळजवळ संपूर्ण परदेशी आहे! परदेशी असण्याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्यातील ऐवजाने. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असते आणि प्रथिने जवळजवळ शून्य. तंतूही नगण्य. असे पिष्ट रक्तातील साखर झपाट्याने वर नेते. (शेंगदाण्याला मात्र दोष देऊ नये. खिचडीत त्यातल्या त्यात सत्त्वाचा तोच.)

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'आम्ही तर सडपातळ' हे समाधानही फोल होय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वत:चीच तुलना मांडली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखे होते, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीय माणसाची चरबी काट्यावर दिसत नाही. ती पोटात दडून बसते.

दुसरा भ्रम शाकाहाराचा. कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांत असते हे खरे. म्हणूनच तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापणे ही निव्वळ व्यापारी चलाखी आहे, कारण कोणत्याच वनस्पती तेलात ते नाममात्रही नसते म्हटले तरी चालेल. रक्तातील कोलेस्टेरॉल बहुतांशी यकृत तयार करते आणि संपृक्त मेदाने त्यातील घातक प्रकार वाढतो. पामतेलात असा मेद जवळपास निम्मा असतो, आणि फरसाण, बिस्किटे यांत पामतेल सर्रास असते. साजूक तूपही अपवाद नाही. वरणभातावर अर्धा चमचा आणि तुपात थबथबलेला शिरा यांतील भेद ओळखावयास शास्त्रज्ञ कशाला हवा?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भारताच्या प्रस्तावावरून साजरे झाले. हा गौरवाचाच विषय. पण बाजाराने त्यातून नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीचे कुरकुरीत चिवडे काढले. याच परिषदेचे २०२५ मधील निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, आणि केवळ पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू वा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. एकूण पिष्ट कमी करून त्याजागी डाळी, दूध-दही यांतील प्रथिने आली तर तो घटतो. म्हणजे चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या हे उत्तर नव्हे. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची वा कुळथाची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक, हे उत्तर. कडधान्यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले बांधून बाहेर नेतात; ती पुन्हा घडविण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. हे जेवण आजीच्या स्वयंपाकघरात होतेच. गरिबाचे म्हणून मध्यमवर्गाने ते ताटाच्या कडेला सारले.

'साखर नको, गूळ घ्या' असा सल्ला देणाऱ्यांनी चरकसंहिता उघडून पाहावी. तेथे प्रमेहाच्या कारणांत बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य यांच्याबरोबर गुळाचे पदार्थही आहेत, आणि पथ्यात जवाला मानाचे स्थान आहे. ज्यांना उपवास करावयाचाच आहे त्यांनी तो खरोखर करावा, मात्र मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन चालू असेल तर वैद्यांना विचारूनच. उपाशीपोटी साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करणे तर त्याहून घातक.

राहता राहिला चहा. घरोघर संपर्काला निघालेल्या कार्यकर्त्याला दिवसातून सहा-सात घरी चहा घ्यावा लागतो. कपाला दोन लहान चमचे धरले तरी ही साखर साठ ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे इष्ट मानते. 'आमच्याकडचा नाही घेतलात' म्हणून रुसणाऱ्या यजमानाने बिनसाखरेचा चहा किंवा नुसते पाणी पुढे केले, तर आतिथ्यात कोणतेही न्यून येत नाही.